चप्पल घालता घालता सांगितलेली गाठ

मॅडम, नमस्कार.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझं वय 38. सासूबाई 62 वर्षांच्या, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांची पाळी जाऊन 12 वर्षं झाली. परवा धुणं धुताना त्यांच्या परकराला रक्ताचे डाग दिसले. विचारलं तर आधी मूळव्याध म्हणाल्या, मग खरं बोलल्या. आषाढापासून थांबून थांबून अंगावरून लाल जातंय. नवरात्र तोंडावर आलंय, घरात घट त्याच बसवतात. या वयात विटाळ म्हणून देवाजवळ जाऊ देणार नाहीत, या भीतीनं कुणाला सांगत नाहीत. मलाही शपथ घातलीय. दुसरं असं की माझ्या जावेची पिशवी 29व्या वर्षी काढली. नुसतं पांढरं जात होतं, "ठेवली तर कॅन्सर होईल" असं सांगितलं होतं. तेव्हापासून तिची कंबर धरते, दरदरून घाम येतो. आत्याबाई म्हणतात, दवाखान्यात गेलं की पिशवी काढूनच सोडतात. त्यांना कॅन्सर असेल का? कसं तयार करू? यांना सांगू का? मला स्वतःला काही त्रास नाही. डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ लागते पाडव्यापासून, पण दुखत नाही म्हणजे तिचं काही नाही. मुलगी सातवीत आहे, तिला ती कॅन्सरची लस द्यावी का?

– एक सून


सूनबाई,

बाईमाणसाचं खरं दुखणं डॉक्टरला कधी कळतं, सांगू? ती खुर्चीत बसलेली असते तेव्हा नाही. गुडघे सांगून होतात, ॲसिडिटी सांगून होते, चिठ्ठी घेऊन ती दारापर्यंत जाते, एक पाय चपलेत घालते आणि मागे वळून म्हणते, "तसं काही नाही मॅडम, पण..." ओपीडीतली माझी तीस वर्षं त्या 'पण'ची वाट बघण्यात गेली. तुमच्या पत्रातला 'पण' अगदी शेवटी आहे, मुलीच्या लसीच्या जरा आधी. सुपारीएवढी गाठ, पाडव्यापासून, दुखत नाही.

म्हणून मी क्रम बदलते. आत्याबाई नंतर. आधी तुम्ही.

दुखलं तर दवाखाना, नाही तर कामाला लागा, हा आपल्या घरांतला जुना हिशेब आहे. पायात काटा मोडला तर तो चालतो. छातीतल्या गाठीला चालत नाही, कारण स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखला असता तर बायका कधीच धावत आल्या असत्या. आता लगेच रात्रीची झोप घालवू नका, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: तुमच्या वयात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या निघतात, तंतूंची किंवा पाण्याची गाठ. पण साधी आहे हे नुसतं चाचपून मलासुद्धा छातीठोक सांगता येत नाही. "38 हे काही कॅन्सरचं वय नाही" असं कुणी म्हणालं तर ते कानाआड करा. पाश्चात्त्य देशांतल्या बायकांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो.

तपासणी तीन पायऱ्यांची असते. डॉक्टर हातानं दोन्ही स्तन आणि काखा तपासतात. मग सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर मॅमोग्राफी. त्यात स्तन दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो घेतात. जरा चिमटल्यासारखं होतं, पण काही क्षणच. मग जाड सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढतात. इथे गावोगाव एक वाक्य ऐकू येतं: सुई लावली की कॅन्सर भडकतो. नाही भडकत. सुईआधी जो असतो तोच सुईनंतर असतो, फक्त त्याचं नाव कळलेलं असतं. या एका वाक्यामुळे हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन वर्षभर घरी बसलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि दर वेळी मला चीड आली आहे. बायकांची नव्हे, त्या वाक्याची.

गाठ वाईट निघाली तरी ती लहान असताना सापडणं आणि कातडीला चिकटल्यावर, काखेत उतरल्यावर सापडणं यात फार अंतर आहे. लहान असेल तर पुष्कळदा गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून, नंतर किरणांचा शेक देऊन स्तन वाचवता येतो. उशीर झाला की औषधं वाढतात, खर्च वाढतो आणि बरं होण्याची खात्री घटते. सहा महिने गेलेत, त्याचं काही करता येत नाही. सातवा जाऊ देऊ नका.

आता आत्याबाई.

पाळी जाऊन एक वर्ष उलटल्यावर अंगावरून जे रक्त जातं ती पाळी नव्हे. मग तो एक थेंब असो, नुसता गुलाबी डाग असो, की एकदाच होऊन थांबलेला असो. "पाळी परत आली, म्हणजे अंगात ताकद आली" असं समजून खूश झालेल्या आज्या मला भेटल्या आहेत. ताकदीचा आणि त्याचा काही संबंध नसतो.

कॅन्सर असेल का, हे तुम्ही विचारलंत. पत्रावरून ते कुणीच सांगू शकणार नाही, पण आकडा सांगते, तो आत्याबाईंनाही सांगता येईल. पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या साधारण दहा बायकांपैकी एकीला कॅन्सर निघतो. नऊजणींचं कारण दुसरंच असतं. आतलं अस्तर कागदासारखं पातळ होऊन कोरडं पडतं आणि जरा खरचटलं तरी रक्त येतं. मस्सा असतो, कधी जंतुसंसर्ग असतो. अंग बाहेर येत असेल तर तिथे जखम झालेली असते. आणि जी दहावी असते तिच्या बाबतीतही हे रक्त एका अर्थी उपकारच करतं. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर बहुतेकदा असा लवकर दार वाजवतो, आणि तेव्हाच दार उघडलं तर ऑपरेशननं बरं होण्याची शक्यता चांगली असते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर इतका सभ्य नाही. तो बराच काळ गप्प राहू शकतो, आणि रक्त किंवा घाण वासाचं पाणी जायला लागतं तेव्हा पुष्कळदा पुढे गेलेला असतो. अंडाशयाचा तर दोघांहून लबाड. त्याला लवकर पकडणारी भरवशाची चाळणी तपासणी अजून कुठेच नाही. म्हणून जिथे सोय आहे तिथे ती सोडायची नाही, एवढंच.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे शिकलेली माणसंही गोंधळतात. गावात कॅन्सर तपासणीचं शिबिर येतं ते काही त्रास नसलेल्या बायकांसाठी असतं. सिस्टर पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उमटतो का बघतात. तपासणी चांगली आहे, तुम्ही स्वतः जरूर करून घ्या. पण आत्याबाईंसाठी तिची वाट बघू नका. एक तर त्यांना त्रास सुरू झालाय, त्यांना चाळणी नको, निदान हवं. दुसरं, पाळी गेल्यावर ज्या भागात हा डाग शोधायचा तो आत वर सरकलेला असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या तपासणीवर विसंबता येत नाही. शिबिरात "काही नाही" म्हणाले म्हणून घरी बसायचं, असं व्हायला नको.

स्त्रीरोगतज्ज्ञ काय करतील? आधी आतून बघतील, रक्त नक्की कुठून येतंय, पिशवीच्या तोंडाला काही दिसतंय का. तिथला पुसून घेतलेला नमुना पाठवतील. मग सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील. ती 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर अस्तराच्या कॅन्सरची शक्यता फार कमी राहते. जाड असेल, किंवा आत्याबाईंसारखं रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, तर अस्तराचा थोडा तुकडा काढून तपासतात. एवढंच. यात पिशवी काढण्याचा विषय कुठेच येत नाही.

पण त्या भितात ते उगाच नाही. आत्याबाईंना अडाणी ठरवून मोकळं व्हायचं असेल तर ते माझ्याच्यानं होणार नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 साली बाहेर आलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. 82 हजारांवर बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली, त्यात कितीतरी तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांतल्या अनेकींना तुमच्या जावेला सांगितलं तेच सांगितलं होतं: ठेवली तर कॅन्सर होईल. माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी कॅन्सर या शब्दाचा बागुलबुवा करून धंदा केला, आणि त्याची किंमत आज आत्याबाईंसारख्या बाया भरतात. खरोखर तपासायची वेळ येते तेव्हा त्यांना तो शब्द म्हणजे सापळा वाटतो.

त्यामुळे सरळ नियम सांगते. पांढरं जाणं, कंबर धरणं, पोटात दुखणं एवढ्यावरून पिशवी काढायची नसते. कॅन्सर 'होईल' म्हणून काढायची नसते. तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही, आणि रिपोर्ट आल्यावर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा तुमचा हक्क आहे. कुणी "आजच भरती व्हा, उद्या सांगता येत नाही" म्हणालं तर कागद घ्या आणि उठा. धो धो रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी. मात्र रिपोर्टात खरोखर अस्तराचा कॅन्सर आला, तर तेव्हा पिशवी काढणं हाच योग्य उपचार असतो, आणि तिथे जावेची आठवण काढून मागे हटायचं नाही. जावेला माझा निरोप द्या. इतक्या लवकर पिशवी काढलेल्या बाईची अंडाशयंही काढली होती का, हे तिच्या जुन्या कागदांत बघायला हवं. काढली असतील तर घाम आणि कंबर यांवर उपचार आहेत, सोसत बसायचं कारण नाही.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना मला जरा अभिमान वाटतो, जरी त्यात माझा काडीचा वाटा नाही. आत्याबाई चाळिशीच्या अलीकडे होत्या तेव्हा तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, एक मोठं काम झालं. 1999 पासून पुढची काही वर्षं मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचे चार गट केले. तीन गटांना पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तीन वेगवेगळ्या तपासण्या देऊ केल्या, चौथ्याला नेहमीचीच सेवा. आठ वर्षं पाठपुरावा केला. ज्या गटाला हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, तीही आयुष्यात एकदाच, देऊ केली होती, त्यात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं 34 बायका गेल्या. तपासणी न झालेल्या गटात 64. दोन्ही गटांत तीस हजारांवर बायका होत्या. 2009 साली हे निष्कर्ष अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि आज जगभर "पस्तिशीत एकदा, पंचेचाळिशीत एकदा एचपीव्ही तपासा" असं सांगितलं जातं, त्यामागे तुमच्या भागातल्या बायकांचा हात आहे. आत्याबाईंना विचारून बघा, तेव्हा सिस्टर गावात आल्याचं आठवतंय का. कदाचित त्याच एखाद्या गटात असतील.

आणि तरी पुढचा आकडा वाचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची कुठलीही तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या दोनही भरल्या नाहीत. स्तनांची तपासणी झालेली एकही धड नाही. जगाला धडा घालून दिला तो आपण, आणि पुस्तक मिटून ठेवलं तेही आपणच.

हातानं केलेल्या तपासणीला कमी लेखू नका, हेही जाता जाता. मुंबईतल्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. तिथे डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. एकाही मॅमोग्राफीच्या यंत्राशिवाय.

आता तुमचा खरा प्रश्न: तयार कसं करायचं.

कॅन्सर शब्दानं सुरुवात करू नका, पण खोटंही बोलू नका. "डोळे तपासायला जाऊ" म्हणून फसवून नेलेली सासू परत तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि हे काम एका खेपेत संपणारं नाही. त्यांची अडचण देवाची आहे ना, मग तिथूनच बोला. हा विटाळ नाही, आत्याबाई. पाळी नाही. बोट कापलं तर जसं रक्त येतं तसं आत कुठेतरी खरचटलेलं आहे. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकून येऊ, मग घट निर्धास्त बसवा. विटाळाबद्दल माझं स्वतःचं मत फार कडक आहे आणि इतर वेळी मी ते या सदरात ऐकवते, पण आज त्या वादात नवरात्र जाईल आणि तपासणी राहील.

आणि सगळ्यात सोपी वाट तुमच्या त्या 'पण'मध्येच आहे. त्यांना सांगा, "आत्याबाई, माझ्या छातीत गाठ लागतेय, मला दाखवायला जायचंय, एकटीला भीती वाटते, चला सोबत." सुनेसाठी येतील. आपल्याकडच्या बायका स्वतःसाठी एसटीत बसत नाहीत, दुसरीसाठी बसतात. तुम्हीही तर पत्र त्यांच्यासाठीच लिहिलंत. तिथे आधी तुम्ही आत जा, तपासून घ्या, मग बाहेर येऊन म्हणा, तपासताना मला काही झालं नाही, आता तुम्ही. डॉक्टर बाईच हवी हे केसपेपर काढतानाच सांगून ठेवा.

नवऱ्याला काय सांगायचं? तुमची गाठ आजच सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आत्याबाईंचं त्यांना विचारून. मुलाला कळलं म्हणून त्यांना जी लाज वाटेल ती तुमच्या-माझ्या समजुतीपेक्षा मोठी असते. शपथेचं म्हणाल तर ती तुम्ही मला लिहिलंत तेव्हाच मोडली, फार बरं केलंत.

जायचं कुठे: धाराशिवचं सरकारी रुग्णालय किंवा सरळ बार्शीचं कॅन्सर रुग्णालय. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात, कॅन्सरचं ऑपरेशन, शेक आणि किमो त्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या आणि गेल्या गेल्या तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, शेवटी नव्हे.

मुलीला लस द्या. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण इतका सर्वत्र असतो की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना कधी ना कधी लागतोच. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेकींचा आपोआप जातो, थोड्यांचा मुक्काम ठोकतो आणि दहा-पंधरा वर्षांत पेशी बिघडवतो. त्या बिघाडाच्या पायरीवर सापडलं तर डाग थोडा भाजून किंवा गोठवून काम होतं, पिशवी जागच्या जागी राहते. लस मात्र विषाणू येण्याआधी हवी, म्हणून ती लहान वयात देतात. 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस 2023 पासून मिळते. सरकारी लस मोफत मिळते का, ते आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लस झाली तरी तिशीनंतर तिनंही तपासणी करायचीच.

जायच्या दिवशी आत्याबाईंनी आतून धुऊन वगैरे जायचं नाही. थोडं रक्त जात असलं तरी तपासता येतं, थांबायची वाट बघू नका. बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा. बाजाराचा दिवस टाळा, ओळखीची निम्मी माणसं एसटीत भेटतील. घटस्थापनेच्या आत जाऊन या. दोघींचे केसपेपर एकदमच काढा, आणि खिडकीवर आधी नाव तुमचं सांगा.